खासगी विहिरीचे पाणी: काय तपासावे, नमुना कसा घ्यावा, अहवाल कसा वाचावा

माननीय संपादक,

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटची समस्या सर्वात गंभीर असलेल्या देशातील १५ जिल्ह्यांची नावे आहेत. त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे आपल्या राज्यातले सात जिल्हे आहेत. अशी बातमी वाचली की ज्याच्या घरी विहीर आहे तो विचारतो, ‘मग माझ्या विहिरीचं काय?’ त्याचे उत्तर जिल्ह्याच्या सरासरीत सापडत नाही. शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी आपल्याकडे निराळे असू शकते, कारण राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे आणि पाणी त्यातल्या फटींमधून, मुरमाच्या थरातून वाट काढते. एकीच्या झऱ्याला गोठ्याखालचा पाझर मिळतो, तर दुसरीच्या झऱ्याला डोंगराकडचा.

गावची सार्वजनिक विहीर, हातपंप, नळयोजनेचा उद्भव यांचे नमुने जलसुरक्षक घेतो आणि ते प्रयोगशाळेत जातात. परिसर-स्वच्छतेच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्डही मिळते. मळ्यातली विहीर, वस्तीवरचा बोअर, शहराच्या कडेला नव्या प्लॉटिंगमध्ये घेतलेली कूपनलिका यांतले काहीही या साखळीत येत नाही. तिथे तपासणी करून घेणे ही सर्वस्वी मालकाची जबाबदारी राहते, आणि नेमके काय करायचे हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

आधी नायट्रेटविषयी. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. युरिया, कोंबडखत, उकिरडा, गोठ्याचे मूत्र, संडासाचा शोषखड्डा ही त्याची उगमस्थाने. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे जमिनीत साठलेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर सरळ खाली उतरते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही. सर्वात मोठा धोका सहा महिन्यांखालच्या बाळाला असतो. बाहेरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून दिली तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट वाफ जाते, नायट्रेट मागे राहते आणि त्याचे प्रमाण वाढते. बाळासाठी म्हणून मुद्दाम जास्त वेळ पाणी उकळणाऱ्या घरांत हे कळकळीने सांगायला हवे. तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, अतिनील दिव्याचे यंत्र आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) यांचाही नायट्रेटवर काहीच परिणाम होत नाही.

आता तपासणी. ‘सगळं तपासून द्या’ असे म्हणत प्रयोगशाळेत जाऊ नये, पैसे उगाच जातात. घरगुती विहिरीसाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत: सामू (पीएच), विद्युतवाहकता व एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस), एकूण कठीणपणा, अल्कता, क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, आणि जंतूंसाठी कोलिफॉर्म व ई. कोलाय. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. पहिल्या वर्षी ती उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावी, म्हणजे पाणी किती बदलते ते कळते. जंतूंची तपासणी मात्र पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर आणि पुन्हा पावसाळा संपताना करावी. विहिरीत पुराचे पाणी शिरले, जवळ नवा शोषखड्डा झाला, पाण्याचा वास किंवा रंग बदलला, तर वेळापत्रकाची वाट पाहू नये. औद्योगिक वसाहतीशेजारी क्रोमियम, शिसे यांसारखे जड धातू वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात, नेहमीच्या तपासणीत ते येत नाहीत. कीटकनाशकांची तपासणी महाग असते. फवारणीचे डबे विहिरीच्या काठावर धुतले जातात असे काही ठोस कारण असेल तरच ती करावी.

बहुतेक अहवाल बिघडतात ते नमुना घेताना. रसायनांसाठी एक ते दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो. तो त्याच पाण्याने तीनदा खळखळून धुवावा आणि हवा न ठेवता तोंडापर्यंत भरावा. शीतपेयाची, तेलाची किंवा औषधाची बाटली वापरू नये. बोअर असेल तर मोटार पाच-दहा मिनिटे चालू द्यावी, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून जाते. नमुना मोटारीजवळच्या पहिल्या तोटीवर घ्यावा. छतावरच्या टाकीतून किंवा शुद्धीकरण यंत्रानंतर घेतला तर तो विहिरीचा नमुना राहत नाही. आडातून किंवा विहिरीतून घेताना पृष्ठभागावरचा तवंग, पालापाचोळा टाळून फूटभर खालचे पाणी घ्यावे. लोहासाठी प्रयोगशाळा आम्ल घातलेली वेगळी लहान बाटली देते, ती मागून घ्यावी. नाहीतर वाटेतच लोह तळाशी बसते आणि अहवालात कमी दिसते.

जंतूंच्या नमुन्याचे नियम बरोबर उलटे आहेत. बाटली प्रयोगशाळेनेच निर्जंतुक करून दिलेली हवी आणि ती धुवायची नाही. टीसीएल टाकलेल्या पाण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, धुतली की ते जाते. मग उरलेला क्लोरीन वाटेतच जंतू मारतो आणि घाण पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो. तोटीचे तोंड स्पिरिटने पुसावे किंवा ज्योतीने तापवावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. बाटली वर थोडी रिकामी ठेवावी, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत पोहोचवावी. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी नमुना नेण्यात अर्थ नाही. विहिरीत नुकतेच टीसीएल टाकले असेल तर क्लोरीन पूर्ण उतरेपर्यंत आठवडाभर थांबावे. दोन्ही बाटल्यांवर तारीख, वेळ, विहीर की बोअर, खोली आणि जवळचा शोषखड्डा किती फुटांवर आहे, हे लिहावे. अहवाल समजून घेताना या शेवटच्या माहितीचा फार उपयोग होतो.

गावपातळीवर ज्या महिलांना पाणी तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे, त्यांच्याकडून प्राथमिक चाचणी जरूर करून घ्यावी. फक्त संचातल्या रसायनांची मुदत पाहावी. काळ्या पडणाऱ्या कुपीची जंतुचाचणीही उपयोगी आहे: खुणेपर्यंत पाणी भरून कुपी उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे झाले तर ते पिऊ नये. काळे झाले नाही म्हणजे पाणी निर्धोक असल्याची हमी मिळाली, असे मात्र समजू नये. संचाने संशय दाखवला की प्रयोगशाळा गाठावी.

अहवाल हातात आला की सर्वात आधी नायट्रेटची ओळ नीट वाचावी. काही प्रयोगशाळा आकडा नायट्रेट म्हणून देतात, काही नायट्रोजन म्हणून. नायट्रोजन म्हणून दिलेल्या आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. अहवालात १२ लिहिलेले पाहून ‘मर्यादा ४५, म्हणजे आपण खूप खाली’ असे वाटते. पण तो १२ नायट्रोजन म्हणून असेल तर नायट्रेट ५३ होते आणि पाणी मर्यादेबाहेर जाते. पाण्याच्या अहवालात यापेक्षा महाग पडणारा गैरसमज क्वचितच असेल. आकडा कशाचा आहे हे अहवालावर छापलेले नसेल तर तिथेच विचारून लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, अहवालाची स्वतःशी जुळणी. एकूण विद्राव्य क्षारांचा आकडा विद्युतवाहकतेच्या साधारण ०.५५ ते ०.७५ पट असतो. वाहकता १२०० असेल तर क्षार ६६० ते ९०० च्या दरम्यान यायला हवेत. ते ३०० दिसत असतील तर कुठेतरी लिहिण्यात किंवा मोजण्यात चूक आहे, फेरतपासणी मागावी. धनभारित आणि ऋणभारित घटकांची बेरीजही पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळते. चांगली प्रयोगशाळा हा ताळा स्वतः करते आणि विचारले तर दाखवते.

आता आकड्यांचा अर्थ. शेजारच्या विहिरींपेक्षा नायट्रेट आणि क्लोराईड दोन्ही बरेच जास्त असतील तर मैला किंवा गोठ्याचा पाझर शोधावा, कारण मूत्रात मीठ असते. नायट्रेट जास्त पण क्लोराईड आजूबाजूच्या विहिरींइतकेच असेल तर खताकडे बोट जाते. नुसते कोलिफॉर्म आढळले तर वरचे पाणी कुठूनतरी आत येते आहे. ई. कोलाय आढळला तर माणसाची किंवा जनावराची ताजी विष्ठा पाण्यात मिसळते आहे आणि त्याच दिवसापासून पिण्याचे पाणी खळखळून उकळायला हवे. मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. कठीणपणाला लोक सर्वात जास्त घाबरतात, पण जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठेवलेलीच नाही. त्याने गीझर खराब होतो, साबण जास्त लागतो, डाळ शिजायला वेळ लागतो.

फ्लोराईडच्या बाबतीत तर जिभेची पारख उलटी फसवते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधील किनवट परिसर, अशा भागांत विहिरी आटल्यावर लोक खोल बोअर घेतात. त्याचे पाणी चवीला छान लागते, साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते. गावात त्याला गोडे पाणी म्हणतात. फेस येतो कारण पाण्यात कॅल्शियम कमी असते, आणि कॅल्शियम कमी असते तिथेच खडकातले फ्लोराईड पाण्यात जास्त विरघळू शकते. म्हणून अहवालात कठीणपणा कमी, अल्कता व सामू जास्त असे दिसले तर फ्लोराईडचा आकडा बारकाईने पाहावा. १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर आठ वर्षांखालच्या मुलांच्या घडत असलेल्या कायमच्या दातांवर डाग पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. वर्षानुवर्षे प्रमाण जास्त राहिले तर हाडे व सांधे आखडतात. अशा ठिकाणी त्याच अंगणातल्या उथळ विहिरीचे पाणी बोअरपेक्षा फ्लोराईडला सुरक्षित निघू शकते. दोन्हींचे नमुने एकाच दिवशी द्यावेत आणि मग ठरवावे.

खिशातल्या टीडीएस मीटरविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. तो फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिचा क्षारांत अंदाज देतो. पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्याचा उपयोग आहे. तिथे क्षार मानकाच्या २००० या शेवटच्या मर्यादेलाही ओलांडतात आणि आरओ यंत्राला पर्याय राहत नाही. पण मीटरला जंतू दिसत नाहीत, फ्लोराईड दिसत नाही, नायट्रेट ओळखता येत नाही. ३०० टीडीएसच्या पाण्यात ६० नायट्रेट असू शकते. घरोघरी यंत्र विकणारे आणखी एक प्रयोग करून दाखवतात: दोन ग्लासांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात आणि विहिरीचे पाणी तपकिरी, गढूळ होते. तो रंग लोखंडी कांडी झिजून आलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही, एवढेच. या प्रयोगावरून यंत्र घेऊ नये, अहवालावरून घ्यावे. नायट्रेट, फ्लोराईड किंवा क्षार मर्यादेबाहेर असतील तर आरओ योग्य आहे. फक्त ई. कोलाय असेल तर विहीर दुरुस्त करून क्लोरीन वापरणे स्वस्त आणि खात्रीचे. आरओ बसवल्यावर वर्षातून एकदा त्यातून निघालेल्या पाण्यातही नायट्रेट तपासावे. यंत्रातला गाळणारा पडदा जुना झाला की क्षारांच्या आधी नायट्रेट निसटू लागते. यंत्राचे टाकाऊ पाणी विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडू नये, ज्यापासून सुटका हवी तेच घट्ट होऊन परत येते.

टीसीएल टाकताना बहुतेक ठिकाणी पुडी सरळ विहिरीत उधळतात. पावडर तळाशी बसते आणि वरच्या पाण्याला काहीच मिळत नाही. आधी पाणी मोजावे: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची उंची, गुणिले ०.७८५, गुणिले १०००, म्हणजे लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर स्वच्छ पाण्याला दर हजार लिटरला २.५ ग्रॅम, पावसाळ्यात किंवा साथीच्या काळात ५ ग्रॅम. या विहिरीला अनुक्रमे ९५ आणि १९० ग्रॅम होतात. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात पेस्ट करावी, बादली पाऊणभर भरून ढवळावी, दहा मिनिटे ठेवून वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, कठीणपणा वाढतो. निवळ पाण्याची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवावी. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्यावी, ती पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवते. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा पिवळेपणा हा मुक्त क्लोरीन, उशिरा गडद होणारा रंग धरायचा नाही. घरात पिण्याच्या वेळी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवे. तेवढा क्लोरीन दिसत नसेल तर पुन्हा डोस द्यावा. उघडी पोती, ओलसर खोली, जुनी तारीख यांमुळे पावडरची ताकद उतरते. २० टक्क्यांच्या खाली गेलेल्या पावडरीवर विसंबू नये.

पुराचे पाणी शिरल्यानंतर किंवा गाळ काढल्यावर एवढ्याने भागत नाही. त्या वेळी दर हजार लिटरला १५० ग्रॅम लागते. वरच्या विहिरीला ते साडेपाच किलोच्या वर जाते, म्हणून आधी उपसून पाणी कमी करावे आणि मग टाकावे. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटर पाण्याला सुमारे २१ लिटर बसतात. चाळीस मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर साडेआठशे लिटर, म्हणजे १३० ग्रॅम पावडर. निवळ द्रावण बोअरमध्ये ओतून मोटार सुरू करावी, घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत. मग रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी सोडून द्यावे, झाडांना किंवा सेप्टिक टाकीत जाऊ देऊ नये. आठवड्याने पुन्हा जंतूंचा नमुना द्यावा. ई. कोलाय परत आलाच तर पाणी आत येण्याची वाट अजून उघडी आहे.

ती वाट बहुधा वरच्या काही फुटांतच असते. विहिरीचे वरचे सुमारे वीस फूट बांधकाम पाणी न झिरपणारे हवे, अडीच फुटांचा कठडा, भोवती निदान तीन फुटांचा बाहेर उतार असलेला ओटा, सांडपाण्याची नाली आणि जाळी किंवा झाकण. शोषखड्डा व संडास किमान ५० फुटांवर आणि उताराच्या खालच्या बाजूला. फटी असलेल्या पाषाणात आणि कोकणातल्या जांभ्यात ५० फूटही पुरतात असे नाही, तिथे जास्त अंतर ठेवावे. बोअरच्या बाबतीत पैसे वाचवायला केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, कमी टाकतात. मुरूम चाळीस फूट आणि केसिंग वीस फूट, असे झाले की वरचे घाण पाणी केसिंगच्या बाहेरून घसरत थेट खाली जाते. केसिंग घट्ट पाषाणात रुतेपर्यंत हवे, बाहेरची पोकळी सिमेंटने भरलेली हवी, तोंड जमिनीच्या वर फूट-दीड फूट आणि टोपण घट्ट असावे. मशीन दारात उभी असतानाच हे करून घ्यावे, नंतर होत नाही.

पुनर्भरणाची मोहीम चांगली आहे, पण शेतातले, रस्त्यावरचे किंवा गोठ्यासमोरचे पाणी पाइप लावून थेट बोअरमध्ये सोडणे फार घातक आहे. मातीत गाळले जाण्याची सगळी संधी हुकते आणि खत, जंतू, कीटकनाशक साऱ्या परिसराच्या भूजलात उतरते. बोअरमध्ये फक्त छताचे पाणी सोडावे, पहिल्या पावसाचे बाहेर टाकून, वाळू-खडीच्या गाळणीतून. बंद पडलेल्या विहिरीत किंवा बोअरमध्ये सांडपाणी सोडणाऱ्यांना तर गावानेच अडवायला हवे.

जलजीवन मिशनच्या चौकटीत शासकीय प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात सर्वसामान्यांसाठीही खुल्या ठेवायच्या आहेत. व्यवहारात खासगी विहिरीच्या मालकाला कुठे जायचे, कोणत्या वारी नमुना घेतात, निर्जंतुक बाटली कुठून मिळते, किती पैसे पडतात, हे ठाऊक नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने आणि जिल्हा परिषदांनी ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि अहवाल मराठीत, मर्यादेबाहेरचे आकडे ठळक करून, नायट्रेट कशाच्या स्वरूपात मोजले ते छापून द्यावेत. आपल्या वृत्तपत्राने जिल्हा आवृत्त्यांतून त्या त्या जिल्ह्यातील प्रयोगशाळांचे पत्ते, वेळा व दर मे महिन्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा छापले तर हजारो घरांना त्याचा थेट उपयोग होईल.

आपले नम्र,
पाणी तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक